नायकाची हाक

आता माझं बोलणं निम्मं पाटीवर आणि निम्मं ढेकरात होतं, म्हणून हे लिहून सांगतो. ज्यांच्या घरात कुणाच्या गळ्याचं असं ऑपरेशन ठरलं आहे त्यांनी वाचावं. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. मी धान लावणारा माणूस, जोडीला फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पण दवाखान्यात कुणी सांगत नाही अशाही काही गोष्टी असतात, आणि त्या मला आता चांगल्याच ठाऊक झाल्या आहेत.

आधी गावाचं सांगावं लागेल, नाहीतर माझ्या गळ्यासाठी मी एवढा कायले रडलो ते समजायचं नाही.

आंबागडच्या डोंगराच्या अलीकडे आमचं गाव, गावाला मोठा तलाव. कंपनी सरकारची पलटण तोफा ओढत गडाकडे निघाली तेव्हा आमच्या गावची माणसं धानाच्या बांध्यांतून उठली आणि चिखलाच्या पायांनी तलावाच्या उंच बांधावर, पाळीवर, जाऊन उभी राहिली, असं आमच्याकडे सांगतात. त्यांच्यात शिपाई एकही नव्हता. कुऱ्हाडी होत्या, भाले होते, गोफणी होत्या, कुणाच्या हाती नुसता विळा. बायका, पोरं आणि गुरं मागच्या जंगलात शिरेपर्यंत पाळ सोडायची नाही, एवढंच ठरलं होतं. दुपारपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. मग पडले सगळे. ही लढाई पुस्तकात नाही. मी शोधली, सापडली नाही. पण गावाला तोंडपाठ आहे, कारण दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे आमची जत्रा, तेव्हा भरदुपारी त्याच पाळीवर आम्ही तिची दंडार करतो. नाच, गाणं, सोंगं आणि शेवटी ती लढाई.

फौजेत घरटी एक माणूस उभा राहतो. नायक एकेका घराला हाक मारतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. तलावाचं पाणी ज्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, आधी उतरतं त्याचं नाव आधी. "शेंड्यांचं घर!" "हाव, आहो!" "हटवारांचं घर!" "हाव, आहो!" अशी ती हाक पाण्यासारखी खाली खाली जाते. शेवटी सगळी फौज मिळून विचारते, "नायकाचं घर?" आणि नायकानं एकट्यानं, माईकशिवाय, "हाव, आहो!" म्हणायचं. पाळीच्या दुसऱ्या टोकाला इंग्रज कप्तान उभा असतो, त्याला ते ऐकू गेलं पाहिजे. तो त्याचा इशारा. ते ऐकलं की तो बंदूक उचलतो, मागे सुतळी बॉम्ब फुटतो आणि फौज पडायला लागते.

नायक मी. माझ्याआधी माझा बाप होता. कप्तान म्हणजे सुखदेव, लहानपणापासूनचा दोस्त, चौकात त्याचं कटिंगचं दुकान आहे. त्याचा लाल कोट एका बँडवाल्याचा जुना, आणि हॅट पुठ्ठ्याची. इशाऱ्याच्या बाबतीत गडी मोठा खडूस. एका वर्षी मला खोकला आला आणि "आहो" अर्धंच निघालं, तर हा तिकडे पुतळ्यासारखा उभा. पुन्हा म्हणेपर्यंत बंदूक उचलली नाही.

मंडईचा आवाज

माझी चूक आमच्या गावचा माणूसच करू शकतो.

मंडई झाली की फौजेतल्या साऱ्यांचे आवाज बसतात. ज्याचा बसला नाही त्यानं अंगचोरपणा केला, असं लोक उघड बोलतात. नायकाचा तर संक्रांतीपर्यंत बसलेलाच राहिला पाहिजे, त्यात घराची इज्जत. त्या वर्षी संक्रांत गेली, होळी गेली, तरी माझ्या गळ्यातून खरडल्यासारखा आवाज यायचा. भेटेल तो पाठीवर थाप मारायचा. "वा भाऊ, मंडईचा आवाज अजूनई चालूच!" मी आपला खूश. खुशीत तंबाखू-सुपारीचा एक खर्रा जास्त घोटायचा. गिळताना कान ठणकायला लागला तेव्हा मी कानात तेल टाकलं.

शकुंतला, माझी बायको, ती मात्र कधी हसली नाही. एक दिवस पाणी पिताना मला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. तिनं पंपाचं दुकान बंद केलं, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "आता भंडाऱ्याले चला. नाही म्हनाल तर मी एकटी जातो अन् डॉक्टरले इकडं घेऊन येतो."

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली. समोर पडदा होता. त्यावर मी पहिल्यांदा माझा आवाज पाहिला. आवाज म्हणजे ती जागा. दोन पांढऱ्या पट्ट्या, एवढ्याशा, धानाच्या कोवळ्या पातीएवढ्या. "आ" म्हटलं की त्या एकमेकींजवळ यायच्या आणि थरथरायच्या. बाप्पा! एवढ्याशा दोन पट्ट्यांवर माझी हाक अख्खी पाळ ओलांडून जायची? मी बघतच राहिलो. एका पट्टीवर फुलकोबीसारखं काहीतरी उगवलं होतं, ते मी बघितलंच नाही. बाईंनी बघितलं. त्यांनी नळी काढली आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

हा प्रश्न आला की समजावं. तुमच्याशी बोलता बोलता डॉक्टर दाराकडे पाहायला लागतात.

नागपूरला तुकडा काढून तपासला. मोठे डॉक्टर माणूस बरे होते, घाई करत नव्हते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. रोग पट्टीच्या बाहेर, कूर्चेत, म्हणजे गळ्याच्या मऊ हाडात, गेला होता. नुसत्या शेकानं, म्हणजे रेडिएशननं, भागणार नव्हतं, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. श्वासासाठी गळ्यात पुढे कायमचं भोक.

"अन् आवाज?" मी विचारलं.

"हा आवाज जाईल. दुसऱ्या तऱ्हेनं बोलायला शिकवतात, पण मेहनत आहे."

"मंडईनंतर केलं तर?"

त्यांना मंडई समजावून सांगावी लागली. ऐकून घेतलं त्यांनी, नीट ऐकलं. मग म्हणाले, "दिवाळी अजून फार लांब आहे. रोग तेवढा थांबणार नाही."

घरातलं भांडण

मी ऑपरेशनला नाही म्हटलं. कुणालाच खरं वाटणार नाही, पण मरणाची भीती मला नंतर वाटली. आधी वाटली ती मंडईची. पाळीवर सगळे उभे आहेत, "नायकाचं घर?" असं विचारत आहेत आणि आमच्या घरातून उत्तर नाही! बापाच्या, त्याच्या बापाच्या, त्या पाळीवर पडलेल्या नायकाच्या घरातून उत्तर नाही. मी ठरवून टाकलं. एक मंडई करायची, शेवटची हाक मारायची, मग जे व्हायचं ते होवो. मला ते मोठं मर्दपणाचं वाटत होतं.

शकुंतला तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अवो, एक सांगा. त्या नायकाच्या बायकोचं पुढं काय झालं?"

"कोन्या नायकाच्या?"

"तुमच्या दंडारीतल्या. तो पडला पाळीवर. ती पोरं घेऊन जंगलात गेली. मंग? काय खाल्लं तिनं? कोनाच्या दारात गेली? इतके वर्षं मी पाळीवर बसून पाहून राहिली, एकानं सांगतलं नाही. तुमचं तर पडून मोकळं होते. टाळ्या बी भेटतेत."

मी म्हटलं, अगं ती तर कथा आहे.

"कथा असन. पन ते पडाले नव्हते गेले तिथं. बायका-पोरं निंगून जाईपर्यंत उभे राहाले गेले होते. तुमी उभे राहा. आवाज नाही राहिला तरी चालन मले. तुमी राहा."

मग ती रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला माझ्यासमोर असं रडताना मी पाहिलं नव्हतं. ती लढाई जन्मभर मी खेळलो, आणि तिचा अर्थ माझ्या बायकोनं तांदूळ निवडता निवडता मला सांगितला! मी गेलो आणि हात जोडून तिच्यापुढे बसलो. दुसऱ्या दिवशी नागपूरची गाडी पकडली.

दवाखाना

आल्यागेल्यानं एकच मंत्र धरला होता, "लढा भाऊ, लढा!" मला राग यायचा. लोखंडी खाटेवर पाठीमागे बांधायचा दवाखान्याचा झगा घालून कुणाशी लढायचं? शकुंतलेचं बरं होतं. ती फक्त "राहा" म्हणायची.

ऑपरेशनच्या सकाळी मी शेवटचं काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. तिच्यासाठी एक वाक्य, देवासाठी एक, आणि जमलं तर एकदा मोठ्यानं "हाव, आहो!" पण स्ट्रेचर ढकलणाऱ्यानं दारातच विचारलं, "काका, दात नकली आहेत का?" मी म्हणालो, "नाही बा, ओरिजनल आहेत." आणि दार लागलं. माझ्या आवाजातलं जगातलं शेवटचं वाक्य ते. आजही आठवलं की हसू येतं. तुम्ही शहाणे असाल तर आदल्या दिवशीच बोलून घ्या.

जाग आली तेव्हा श्वास गळ्यातून ये-जा करत होता. नाकातून नळी, तिच्यातून दूध आणि भाताची पेज. गळ्यातल्या भोकात कफ साचायचा, तो नर्सबाई यंत्रानं ओढायच्या, तेव्हा जीव घाबरा होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण ते थोड्या वेळाचं असतं. कशाचा वास कळेनासा होतो. चहावर फुंकर मारता येत नाही. आंघोळीत पाणी आत गेलं तर गुदमरायला होतं. हाक मारता येत नाही म्हणून हाताशी एखादी वाजवायची वस्तू ठेवावी. मला शकुंतलेनं स्टीलचा चमचा दिला होता.

त्या चमच्यावरून एक झालं. पलीकडच्या खाटेवर कोंढा गावचे एक म्हातारेबुवा होते. त्यांचंही स्वरयंत्र काढलेलं. सकाळी उठले की सुनेला बोलवायला ते खाटेच्या दांडीवर चमचा वाजवायचे, टण टण. एक दिवस मला खोड सुचली. त्यांचं झाल्यावर मी माझ्या दांडीवर वाजवलं. तिसऱ्या खाटेवरच्यानं वाजवलं. मग त्याच्या पुढच्यानं. वॉर्डात कुणाची जीभ काढलेली, कुणाचा जबडा, कुणाच्या तोंडाला पट्टी. गोंदियाचे, बालाघाटचे, चंद्रपूरचे. सगळे आपापल्या शेतातून, दुकानातून जसे होते तसे उठून आलेले. टण टण करत ती हाक भिंतीपर्यंत गेली आणि फिरून आली. नर्सबाई धावत आल्या. "काय भजनमंडळ काढलं का?"

पण दुसऱ्या सकाळी त्याच हसत म्हणाल्या, "चला, वाजवा." मग रोज सुरू झालं. मी उभ्या जन्मात पाळीवर फौज सजवली होती, रंगवलेल्या कुऱ्हाडी वाटल्या होत्या, पण फौज काय असते ते मला त्या वॉर्डात दिसलं. एका सकाळी बुवांची दांडी वाजली नाही. त्यांना वरच्या मजल्यावर नेलं होतं, तब्येत बिघडली होती. आम्ही सगळे चमचे धरून थांबलो, पुढे कुणी वाजवेना. तेव्हा त्यांची सून त्यांच्या रिकाम्या खाटेजवळ आली, पदर डोक्यावर घेतला आणि सासऱ्याच्या चमच्यानं दांडी वाजवली. मग आमचं पुढे सुरू झालं. बुवा परत आले नाहीत.

सुखदेव भेटायला आला तो लाल कोट आणि पुठ्ठ्याची हॅट घालून. एप्रिलच्या नागपूरच्या उन्हात! दारावरच्या चौकीदारानं त्याला बँडवाला समजून अडवलं होतं. खाटेजवळ आला, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि सगळा आव गळून पडला त्याचा. मी पाटीवर लिहिलं, "नायक दुसरा पाहा."

त्यानं वाचलं. हॅट काढून मांडीवर ठेवली.

"कायले? हाक मारन कोनी बी. पन नायकाचं घर विचारलं की तुलेच बोलाचं आहे."

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"दिसून राहिलं मले. आंधळा नाही मी. पन ऐकून ठेव बे, तुझं 'आहो' आल्याबिगर माझी बंदूक उठनार नाही. लोक दिवसभर बसले तरी बसू दे. फौज उभीच राहीन."

मी पाटीवर एक शिवी लिहिली. तो खुदकन हसला आणि जाताना शकुंतलेजवळ रडला, हे ती नंतर बोलली.

ढेकर

शेकाचे दिवस गेले. गळा करपला, तोंडाची चव गेली, कधी कधी शकुंतलेवर चिडून भांडी आपटली. तीही आपटायची. मग आम्ही दोघं गप्प बसून राहायचो, कारण एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलायचं नव्हतं.

पाऊसकाळात बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. तरुण पोरगी. म्हणाली, "काका, हवा गिळायची आणि ढेकर द्यायचा. त्या ढेकराचाच आवाज करायचा." मी शकुंतलेकडे पाहिलं. जेवल्यावर मोठ्यानं ढेकर देतो म्हणून ही बाई जन्मभर मला पंगतीत चिमटे काढत आली. आता तीच समोर बसून म्हणायची, "द्या! अजून एक द्या! जोरात!"

महिनाभर नुसती हवा. पोट फुगायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आवाज नाही. मग एक दिवस अंगणात "हा" असं काहीतरी निघालं. बेडूक बोलला असेल तर तसा. शकुंतला आतून पळत आली, हात पिठाचे. "कोन बोललं?" मी छातीवर बोट ठेवलं. ती तिथंच उंबरठ्यावर बसली. ज्या अन्ननळीतून आयुष्यभर भात गेला तिला देवानं आवाज ठेवून दिला होता, आणि मला ठाऊकच नव्हतं! माणसाच्या देहात काय काय लपवून ठेवलेलं असतं, मला अजून नवल संपत नाही.

दिवाळीपर्यंत "हाव" बऱ्यापैकी यायला लागलं. "आहो" मात्र दहादा केलं तर एकदा.

पाळीवर

मंडईच्या दिवशी मी गळ्यातल्या भोकावर जाळीचा रुमाल बांधला आणि पाळीवर गेलो. तिथं धूळ फार, रुमाल पाहिजेच. ठरलं होतं की हाक शेंड्यांचा पोक्त माणूस मारेल. पण त्यानं नायकाची काठी माझ्याच हातात दिली आणि स्वतः रांगेत जाऊन उभा राहिला. आता काय करायचं? मी रांगेसमोर गेलो. शेंड्यांकडे पाहून काठी उचलली आणि ओठ हलवले. आवाज नाहीच.

"हाव, आहो!"

हटवारांकडे वळायच्या आधीच तिकडून आलं, "हाव, आहो!" मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. पाणी कुठून कुठं उतरतं ते गावात कुणाला शिकवावं लागतं? मी नुसता काठी घेऊन चालत होतो आणि हाक आपोआप खाली खाली येत होती. कुणी घाई केली नाही. प्रत्येकानं माझे ओठ मिटेपर्यंत वाट पाहिली. मंडईतले पाळणे थांबले होते, भजीवाल्यानं झारा हातात धरून ठेवला होता. मी त्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. चिखलाच्या पायांनी जे इथं उभे राहिले होते ते अशाच चेहऱ्यांचे असतील, दुसरे कसले असणार?

मग सगळी फौज एका आवाजात ओरडली, "नायकाचं घर?"

पाळीच्या त्या टोकाला लाल कोट उभा होता. मधे एवढं अंतर. मी हवा गिळली.

"हाव."

आलं. घोगरं, फाटकं, पण आलं. पुढचं येईना. पुन्हा गिळली, नुसता फुस्स आवाज. एक पोर हसलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. बायकांत बसलेली शकुंतला उभी राहिली होती. तिचेही ओठ हलत होते, हवा गिळत होती माझ्यासोबत. मी डोळे मिटले, पोटापासून ओढली आणि सोडली.

"आहो!"

तलावावरून ते गेलं. मला स्वतःला ऐकू आलं ते जाताना. माझ्या बापाचा आवाज नव्हता तो, माझाही नव्हता, पण आमच्या घराचा होता.

आता बंदूक. फौज पडायला तयार. बॉम्बवाला काडी धरून कप्तानाकडे बघतोय. आणि कप्तान नुसता उभा! मी काठीनं खूण केली. नाही. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अबे मार ना!" नाही. काडी विझली. दुसरी पेटवली, तीही विझली. ऊन कलायला लागलं तरी फौज उभीच. शेवटी मी पाळीवरून तरातरा चालत त्याच्याकडे गेलो. बंदूक खाली टेकलेली, हॅट नाकापर्यंत ओढलेली. ती मी वर केली. गाल ओले होते.

हवा संपली होती, म्हणून मी हातानंच विचारलं, काहून?

"एवढ्या मेहनतीनं 'आहो' म्हटलं तुनं," सुखदेव म्हणाला, "अन् लगेच मारू काय तुले?"